जान्याकाकांची भेकरं

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. फुलपाड्यातल्या दोन खोल्यांत इतकी वर्षं एकत्र काढली, पण नाही सांगितली. तुम्हाला सांगतोय, कारण आता पोटात राहत नाही.

कुठे काही बांधायचं असलं, की आधी त्या जागेत कोणते प्राणी आहेत ते पाहून अहवाल लिहायचा — हे माझं काम. कामणजवळ गोदामं येणार होती, तेव्हा तिथल्या पाड्यावरचे जान्याकाका वाट दाखवायला सोबत होते. चिंचोटीच्या डोंगरातून भेकरं — ती छोटी हरणं — ओढ्यावर कुठून उतरतात, ते त्यांनी मला खुरांचे ठसे दाखवून शिकवलं. त्यांच्या लहानपणी चितळांचे कळप होते म्हणे. आता उरली होती ती चार-दोन भेकरं. ती आवळे खातात, बिया डोंगरभर टाकतात, म्हणून आवळा उगवतो — हेही त्यांनीच सांगितलं. किती जीव लावून सांगायचे!

मग मी काय केलं? थांबा — सांगतो.

अहवालाला गावातल्या माणसाचा जबाब जोडावा लागतो. काकांना वाचता येत नव्हतं. त्यांनी सांगितलेलं सगळं मी त्यांना मोठ्याने 'वाचून' दाखवलं. कागदावर मात्र लिहिलं होतं — या भागात हरीण कधी पाहिलेलं नाही. त्याखाली त्यांनी अंगठा दिला. नीट उठला का, म्हणून मलाच दोनदा विचारलं. मला कुणी धमकावलं होतं का? नाही. साहेब नुसतं 'अहवाल स्वच्छ हवा' म्हणाले होते. मला तेवढं पुरलं.

ओढ्याच्या वाटेवर गोदामांची भिंत आली. एक गाभण भेकर त्या भिंतीशी अडलं आणि कुत्र्यांनी फाडलं. मग भेकरं दिसेनाशीच झाली. बिबट्या पाड्यावरच्या शेळ्या उचलू लागला. डोंगरात आवळ्याचं नवं रोप सापडेना.

गेल्या वर्षी काका अंथरुणाला खिळले, म्हणून भेटायला गेलो. माझा हात धरून म्हणाले, "तू लिवला होतास ना? मंग कोनी वाचला कसा नाय?"

"लिहिलं होतं, काका," मी म्हणालो. "कुणी वाचलंच नाही."

ते लेकीकडे वळले. "बघ, मी सांगत होतो ना? याचा काय दोष नाय."

चार दिवसांनी ते गेले. आणि खोटं बोलताना — माझा आवाज जरासुद्धा कापला नव्हता.