एकाच ताग्यातले फोन

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं फक्त मला कळतं, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

त्यामुळे बायकोचा फोन सुरू होता होता कंपनीच्या चिन्हावर अडकला, तेव्हा तो थेट माझ्या हातात आला. त्यात तिच्या वडिलांचे, मेडशीच्या आबांचे, त्यांच्या आवाजातले निरोप होते. आबा गेल्या वर्षी गेले. ते निरोप दुसरीकडे कुठेच नव्हते.

"जमत नसन तर राहू द्या. रिसोडच्या दुकानात नेऊ," ती म्हणाली.

"पाच मिन्टाचं काम हाये!" (आबांच्या विहिरीवरची मोटर उघडतानाही मी हेच म्हणालो होतो. ती पुन्हा चालली नाही.)

आता, दिवाळीला आमच्याकडे सगळ्यांचे कपडे एकाच ताग्यातून निघतात. आईनं फोनही तसेच घेतले. तिघांना तीन, काळे, एकसारख्या कव्हरचे.

मी लॅपटॉप उघडला, माझ्या फोनवर दुरुस्तीचा व्हिडिओ पाहिला आणि केबल शोधायला आत गेलो. परत आलो तर टेबलावर फोन पडलेला. अडकलेलं चिन्ह गायब! (मला वाटलं, मला पाहूनच घाबरला.) केबल जोडली, बटणं दाबून धरली, आणि लॅपटॉपवर पट्टी सरकू लागली. मला तर नाचावंसं वाटलं.

"आबाचा आवाज राहीन ना?"

"राहीन म्हंजे? अजून साफ आयकू येईन!"

पट्टी टोकाला पोचली. फोननं नमस्कार करून विचारलं, भाषा कोणती ठेवू? आत फोटो नाही, निरोप नाही, काहीच नाही. बायको मटकन खाली बसली. आबा दुसऱ्यांदा गेले होते, आणि या वेळी माझ्या हातून.

तेवढ्यात स्वयंपाकघरात फोन वाजला. तुरीच्या डाळीच्या डब्यात!

"मीच ठेवला थो डाळीत," आई म्हणाली. "मांगं माहा भिजलेला फोन डाळीनंच बरा झाला होता. कोंबता कोंबता बटनं दबली, न् झाला चालू."

म्हणजे टेबलावर उरलेला, मी पुसला तो माझाच फोन. बायको डाळीसकट डबा छातीशी धरून हसतही होती आणि रडतही होती. आणि खरं सांगतो, मलाही आनंदच झाला होता.

माझ्या कोऱ्या फोनवर पहिला निरोप तिनंच पाठवला. मी तो सगळ्यांसमोर मोठ्यानं लावला. आबांचा आवाज अगदी साफ होता:

"पोरी, मोटरीचं मिस्तरी पाहून घेईन. जवायाले फक्त सांग, आता कायलेच हात लावू नका म्हणा."