पायाखालची सावली

लातूर जिल्हा नवा नवा झाला, त्या दुष्काळी उन्हाळ्यात मी मुरुडच्या शाळेत भूगोल शिकवायचो. "उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, म्हणून तापतं," मी ठोकून दिलं.

सातवीतली एक मुलगी उठली. तिची माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि ही सुट्टीच्या दिवशी तिला भाकरी घेऊन जायची. "गुर्जी, थंडीत भाकरीच्या वक्ताला मायची सावली लई लांब पडती. आता पायाखालीच ऱ्हाती. ऊन सरळ डोक्यावर येतंय, म्हून तापत आसंल की."

वर्ग हसला. मला वाटलं, मलाच हसला. मी तिला भर दुपारी मैदानात उभं केलं.

खिडकीतून पाहिलं, तर तिची सावली खरंच पायाखाली गोळा झाली होती. पोरीचं बरोबर होतं, हे मला तिथंच कळलं. तरी घंटा होईपर्यंत मी तिला आत बोलावलं नाही.

वार्षिक परीक्षेत तोच प्रश्न होता. तिनं लिहिलं, "पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते." आणि मी नालायकानं तिला पैकीच्या पैकी गुण दिले.