बिनवासाचा गॅस

श्रीवर्धनच्या बाजारात, मशिदीच्या मागच्या गल्लीत मकसूदचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे. उमेदीची वर्षं त्याने कतारमध्ये मोठमोठ्या शीतगृहांत काढली. गुडघे कुरकुरायला लागले तसा तो घरी परतला आणि त्याने हे दुकान टाकलं. गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला नाही, कारण मकसूदचं नाक गावभर प्रसिद्ध झालं. फ्रीजमागे वाकून तो एक खोल श्वास घ्यायचा आणि सांगायचा, "कॉम्प्रेसर जळलाय," किंवा "उंदीर मेलाय आत, बाकी काही नाही." लोक हसायचे, पण मागचं झाकण काढलं की निघायचंही तेच.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते नाक गेलं.

ताप उतरला, खोकला गेला, चालताना लागणारा दमही हळूहळू कमी झाला. वास मात्र परत आला नाही. सुरुवातीला त्याला वाटलं, महिनाभरात येईल. तैयबा, त्याची बायको, रोज सकाळी त्याच्या नाकाखाली काहीतरी धरायची. कधी चिरलेली कोथिंबीर, कधी अत्तराचा फाया, एकदा तर सुक्या बोंबलांची अख्खी जुडी. मकसूद मान हलवायचा. बोंबलांच्या दिवशी तैयबा तोंड फिरवून आत गेली आणि त्यानंतर तिने काही धरलं नाही.

घरात हे दोघांनाच माहीत होतं. दुकानात मकसूदने कुणाला कळू दिलं नाही. फ्रीजमागे वाकून तो पूर्वीसारखाच श्वास घ्यायचा, पण आता ते नाटक होतं. खरं निदान तो मीटर लावून, हात लावून, कान देऊन करायचा. काम चुकत नव्हतं, तरी प्रत्येक घरातून बाहेर पडताना आपण लोकांना फसवतोय असं त्याला वाटायचं. दुकान बंद करून पुतण्याच्या होडीच्या धंद्यात बसावं असंही मनात येऊन गेलं.

त्याच सुमारास नव्या गॅसचे फ्रीज यायला लागले. जुने गॅस आभाळाला घातक म्हणून त्यांच्या जागी हे आले. काम चोख करतात, वीज कमी खातात, फक्त पेट घेतात. स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या गॅसचेच हे सख्खे भाऊ. मकसूदच्या हाताला सवय जुनी होती. नळी कापायची, ज्योतीची टॉर्च पेटवायची, डाग मारून जोड द्यायचा. या गॅसपुढे टॉर्च पेटवणं म्हणजे आपल्याच दाढीला काडी लावणं. म्हणून माणगावला मेकॅनिक लोकांसाठी शिकवणी निघाली तेव्हा तोही गेला.

शिकवणारा गृहस्थ भिवंडीकडचा होता. फळ्यावर काही न लिहिता त्याने पहिलंच वाक्य टाकलं. "घरच्या सिलिंडरात मुद्दाम वास घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. फ्रीजमधल्या या गॅसात वास घालत नाहीत. तेव्हा आपापली नाकं घरी ठेवून या. इथे त्यांचा उपयोग नाही."

सभागृहात हशा पिकला. मकसूद हसला नाही. त्याच्या छातीवरचं काहीतरी हललं. इतक्या माणसांत आज पहिल्यांदा त्याचं कुणापेक्षा काही कमी नव्हतं.

ती शिकवणी त्याने जीव लावून केली. गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीवरून पाण्यासारखा सरपटतो, खोलगट जागी साठतो. आधी दारं-खिडक्या उघडायच्या, काम शक्यतो उघड्यावर करायचं. भोवती विस्तव नको, बटण दाबणंसुद्धा नको, कारण बटणातही ठिणगी असते. जोड द्यायचा तो ज्योतीने नव्हे, हत्याराने दाबून. आणि गळती शोधायला वेगळं यंत्र, लांब मानेचं, गॅस लागला की टिवटिवणारं. परतल्यावर त्याने ते यंत्र घेतलं. तैयबाने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तो स्कूटर काढायला लागला की ती दारातून विचारायची, "नाक घेतलंत का?"

अशीच दोनेक वर्षं गेली. मग एका नवरात्रात सगुणाचा फोन आला.

सगुणा श्रीवर्धनच्या पुढे, खाडीकाठच्या एका वाडीत राहते. पर्यटकांना ती घरगुती जेवण घालते. नवरा मुंबईत नोकरीला, घरात ती आणि सासू चंद्राबाई. फोनवर ती म्हणाली, "मकसूदभाई, मोठा फ्रीझर बिघडलाय. सकाळपासून चालू आहे, पण बाहेरच्या पाटीवरचा आकडा खालीच येत नाही."

"आत काही ठेवलंय?"

"नाही. नवरात्र आलं म्हणून मासळी सगळी संपवली, फ्रीझर धुऊन पुसून ठेवला. थंड झाला की भरायचा, म्हणून झाकणसुद्धा उघडलं नाही अजून."

धुऊन पुसून म्हटल्याबरोबर मकसूदच्या मनात शंका आली. "झाकण उघडू नका," तो म्हणाला. "बटणालाही हात लावू नका. मी निघालोच."

घर जुन्या पद्धतीचं, कौलारू, पुढे मोठी पडवी, मागे छोटी पडवी आणि अंगण. स्वयंपाकघराला लागून एक बारकी कोठी होती. फ्रीझर त्या कोठीत, खिडकी नसलेल्या भिंतीला लावून ठेवलेला. मकसूद उंबऱ्यावरच थांबला. कोठीला दुसरं एक दार होतं, त्याला झडप नव्हती, आणि त्या दारातून देवघर दिसत होतं. पाटावर घट बसवलेला, मातीतून पिवळे कोंब वर आलेले. घटाच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, अखंड दिवा तेवत होता.

त्याने फ्रीझरच्या कडेला वाकून पाहिलं. नव्या गॅसची पाटी होती, ज्योतीचं चित्र असलेली. यंत्र सुरू करून त्याने त्याची मान झाकणाच्या रबराजवळ नेली. यंत्र टिवटिवलं. जरा खाली नेलं, तर किंचाळायला लागलं.

तो मागे सरला. पुढच्या पडवीत, कोठीपासून लांब येऊन त्याने मीटरजवळचा मोठा खटका पाडला. सगळ्या घराची वीज गेली, कोठीतली घरघर थांबली. सगुणा आणि चंद्राबाई दोघीही बाहेर आल्या.

"फ्रीझर साफ करताना कुणी आत काही टोचलं का?"

सगुणाने नाही म्हटलं. चंद्राबाई सरळ बोलली. "म्या खरवडलं. बरफ निघंना, तवा सुरी घातली. फुस्स झालं जरा. म्हटलं, हवा आसंल. झाकण लावून टाकलं."

"काकी, ती हवा नव्हती, गॅस होता. आता तो सगळा पेटीत भरून बसलाय. झाकण उघडलं की जमिनीवर सांडणार आणि सरपटत निघणार. आणि जमिनीवर तो दिवा आहे."

चंद्राबाईने देवघराकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. बाईचं वय सत्तरीच्या पुढे, नजर अजून धारदार. "दिवा इझवायचा न्हाय. घट बसल्यापास्नं ह्या घरात तो कदी इझला न्हाय."

"आई, ऐका ना त्यांचं," सगुणा म्हणाली.

"आयकतेय." म्हातारी मकसूदच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "ग्यास सुटला तर वास येतो. सैपाकाचा सुटला व्हता तवा मलाच पयला आला व्हता. आता मला काय बी येत न्हाय. तुजं नाक तर समद्या गावाला ठावं. तुला येतोय वास?"

मकसूदला कळलं, एक 'हो' पुरे आहे. म्हातारीचा त्याच्या नाकावर विश्वास होता. हो म्हटलं असतं तर तिने एका शब्दाने पुढे काही विचारलं नसतं. दिवा हलला असता, काम झालं असतं, त्याची अब्रूही जिथल्या तिथे राहिली असती.

पण हो म्हटलं तर म्हातारीच्या डोक्यात काय राहील? हा गॅस सुटला की मकसूदला वास येतो. म्हणजे वास नसला तर भीती नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा सुरी घालील, फुस्स होईल, ती हुंगून बघेल, काही येणार नाही, आणि ती निर्धास्तपणे झाकण उघडेल. दिवा तेव्हाही तिथेच असेल.

"काकी," तो म्हणाला, "मला वास येत नाही. कसलाच येत नाही. करोनात गेला तो गेलाच. कुणाला सांगितलं नव्हतं. पण नाक धड असतं तरी यायचा नाही, कारण या गॅसला वासच घातलेला नसतो. तुम्हाला नाही येणार, सगुणावहिनींना नाही येणार. हे यंत्रच तेवढं सांगतं."

सगुणा अवघडून जमिनीकडे बघत राहिली. मकसूदला आपल्या कानांच्या पाळ्या गरम झालेल्या जाणवल्या. आता चंद्राबाई म्हणेल, जा बाबा, दुसरा कुणी धड माणूस बघते.

"कसलाच न्हाय?" तिने विचारलं. "भाताचा बी न्हाय?"

"भाताचाही नाही."

तिने हळूच च्यक केलं. मग पदर खोचला. "सगुणा, माळ्यावरचा कंदील काढ. घट जाग्यावरनं हलवायचा न्हाय, ते ऱ्हाऊ दे. पर जोत कंदिलात घेता येती. माजे सासरे घेत. वादळात कौलं उडाली व्हती, तवा अशीच ऱ्हायली व्हती गोठ्यात. जोत तीच, जागा दुसरी."

मकसूदने आधी यंत्र घेऊन, पुढच्या माजघराच्या बाजूने देवघर गाठलं. वाकून पाटाभोवती, मग कोठीच्या उंबऱ्यापाशी मान फिरवली. यंत्र गप्प होतं. पेटीचं झाकण घट्ट होतं म्हणून गॅस इथवर पोचला नव्हता. "काकी, आता घ्या. पण याच बाजूने या आणि याच बाजूने जा. कोठीत पाऊल नको."

चंद्राबाईने काडी ओढली नाही. दिव्याच्या ज्योतीवर वात धरून तिने कंदील लावला, काच खाली केली, घटासमोर हात जोडले, आणि पाटावरचा दिवा मालवला. मग कंदील छातीशी उंच धरून ती पडवीतून खाली उतरली आणि पलीकडच्या तुळशी नावाच्या शेजारणीच्या ओटीवर जाऊन बसली. मांडीजवळ कंदील, नजर घराकडे.

मकसूदने दारं-खिडक्या सताड उघडल्या. कोठीचं तिसरं, मागचं दार अंगणात उघडत होतं, तेही लोटून दिलं. सगुणाला लांब पाठवून त्याने झाकण वर केलं आणि बाहेर निघून आला. यंत्र उंबऱ्यापाशी ठेवलं होतं. ते लगेच ओरडायला लागलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. कोठी रिकामी, फ्रीझर उघडा, जमीन स्वच्छ सारवलेली, आणि त्या स्वच्छ जमिनीवरून यंत्राला काहीतरी जाताना कळत होतं. खाडीवरचा वारा घरातून आरपार फिरत होता. बऱ्याच वेळाने यंत्राचा आवाज विरळ झाला आणि मग थांबला. तरी मकसूदने घाई केली नाही. कोपऱ्याकोपऱ्यांतून, पेटीच्या तळातून मान फिरवून झाल्यावरच त्याने सगुणाला हाक मारली.

दोघांनी मिळून फ्रीझर अंगणात ओढला. मकसूदने नळीत न पेटणारा नायट्रोजन भरला, साबणाचं पाणी फिरवलं, आणि कोपऱ्याजवळ सुरीचं टोक जिथे घुसलं होतं तिथे बुडबुडे आले. नशिबाने नळी तिथे पेटीच्या भिंतीत पुरलेली नव्हती, हाताला येत होती. नळीत उरलेला गॅस नायट्रोजनने धुऊन काढून त्याने तेवढा तुकडा कापला, नवा घातला, आणि ज्योत न लावता जोड हत्याराने आवळून बसवले. मग पंप लावून नळी निर्वात केली आणि पाटीवर लिहिलेला होता तेवढाच गॅस काट्यावर तोलून भरला. या गॅसचं माप ओंजळभर असतं, अंदाजाचा हात त्याला चालत नाही. शेवटी जोडांवरून यंत्र फिरवलं. ते गप्प राहिलं.

वीज सुरू झाली, आकडा उतरायला लागला. आता फ्रीझर कोठीत नको, मागच्या पडवीत भिंतीपासून हातभर सोडून ठेवा, असं मकसूदने सांगितलं. आणि बर्फ काढायला सुरी नाही, बंद करून वितळू द्यायचा. सगुणाने दोन्ही गोष्टी मान्य केल्या. चंद्राबाई कंदील घेऊन परतली, पाटावरचा दिवा पुन्हा त्याच ज्योतीने लागला. मग ती अंगणात, हत्यारं आवरत बसलेल्या मकसूदजवळ येऊन टेकली.

"एक इचारू? नाक गेलं, तर मग वास आठवतात का रं? म्हंजी डोळं मिटून आमी माणसाचं तोंड आठवतो, तसं?"

मकसूदने हातातला पाना खाली ठेवला. हे त्याला अजून कुणी विचारलं नव्हतं, तैयबानेसुद्धा नाही, कदाचित भीतीने. त्याने खरंच डोळे मिटून पाहिलं. सुपारीच्या वाडीतली ओली पानं. कतारमधल्या खोलीत चौघांच्या भाताचा डबा. तैयबाच्या केसांचं तेल.

"वास नाही आठवत, काकी," तो म्हणाला. "तो आला की मला काय व्हायचं, ते आठवतं. भूक लागायची, किंवा घरी जावंसं वाटायचं. ते तेवढं राहिलंय."

आतून सगुणाने चहाचे पेले आणले, बरोबर उपासाचे साबुदाण्याचे वडे. म्हातारीने ताटली स्वतःच्या हातात घेतली, एक वडा उचलून नाकाशी नेला आणि सावकाश बोलायला लागली. "शेंगदाणं जरा जादा भाजल्यात. मिरची हिरवी हाय, उग्र न्हाय. तूप ताजं हाय. आता खा."

मकसूदने वडा घेतला आणि खाल्ला.

आठवड्याभरात मकसूदला वास येत नाही हे वाडीवाडीत कळलं. चंद्राबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही हे त्याला ठाऊक होतंच. गिऱ्हाइकं तुटतील म्हणून तो मनातून तयार होता. झालं वेगळंच. फोन करणारी माणसं आता आपणहून सांगायला लागली, "मकसूदभाई, जळका वास येतोय बघा, रबराचा," किंवा "वास काही नाही, पण नवा गॅस आहे, काय करू?" या दुसऱ्या प्रश्नाला तो नेहमी एकच उत्तर देतो. खिडक्या उघडा, विस्तव लांब न्या, कुठल्याही बटणाला हात न लावता बाहेर येऊन बसा. मी येतोय.