लाल अक्षरांतलं मेन गेट

मॉक ड्रिलमध्ये आमच्या प्लांटची सगळी माणसं मेली. कागदावर, म्हणजे. सायरन वाजला आणि शिफ्टमधले झाडून सगळे मेन गेटवर जाऊन उभे राहिले. वारा नेमका मेन गेटकडेच वाहत होता. खरा गॅस सुटला असता, तर त्यांच्या मागोमाग तोही तिथे पोचला असता.

मॉक ड्रिल म्हणजे गॅसगळतीची रंगीत तालीम. मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. पेणहून रोज बसने येते. मी फटकळ आहे असं ऑफिसात म्हणतात, आणि ते खोटं नाही.

प्लांट मॅनेजर तापले होते. "पॅकिंगच्या बायका सगळ्यांत आधी गेटकडे पळाल्या. बाकीचे त्यांच्या मागे. बोर्ड वाचायला नको यांना. पुढच्या ड्रिलला फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार आहेत. तेव्हाही असंच झालं, तर त्या वनिताच्या अख्ख्या गँगचे गेटपास रद्द."

वनिता कोलाडची. पॅकिंगच्या कंत्राटी बायकांची मुकादम. गेटपास गेला की काम गेलं. नवऱ्याचं दुकान हायवेच्या रुंदीकरणात गेलेलं, त्यामुळे घर हिच्याच पगारावर चालतं. मी तिला गाठून विचारलं, "बोर्ड वाचला नव्हतास का गो?"

"वाचला की म्याडम. मेन गेट लिवलाय. म्हनून तर गेलो."

मी बोर्डापुढे जाऊन उभी राहिले. वाक्य असं होतं: 'आपत्कालीन सायरन वाजल्यास मेन गेटकडे न जाता, विंडसॉकवरून वाऱ्याची दिशा पाहून, त्यानुसार नेमून दिलेल्या असेंब्ली पॉइंटवर सर्वांनी जमावे.' विंडसॉक म्हणजे छपरावरची केशरी कापडी नळी. वारा जिकडे जातो तिकडे तिचं शेपूट उडतं. असेंब्ली पॉइंट म्हणजे जमायची जागा. आमच्याकडे दोन आहेत, एक कँटीनपुढे आणि एक पलीकडच्या टोकाला जांभळाखाली. शेपटाच्या उलट बाजूला जायचं, एवढाच सगळा नियम.

पेंटरने 'मेन गेटकडे' हे शब्द लाल आणि ठळक रंगवले होते. धोक्याचं ते लाल, ही आमच्याकडची रीतच. 'न जाता' मात्र काळ्यात, बारीक.

वाक्यात चूक काढायला जागा नव्हती. पण जीव घेऊन पळणारा माणूस वाक्य शेवटपर्यंत वाचत नाही. पहिली ठळक जागा दिसली की तो सुटतो. त्यात आपल्या मराठीत करायचं काय ते येतं सगळ्यांत शेवटी. 'जमावे'पर्यंत येईतो आमची मंडळी गेटवर पोचलेली.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, बोर्डावर काय लिहिलंय? न बघता सांगा."

"मेन गेट..." म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "म्हणजे, तिकडे जाऊ नये असं."

"आधी काय आठवलं?"

साहेबांनी चहाचा कप उचलला. मी नवा मजकूर पुढे सरकवला:

आधी वारा बघा.
शेपूट कँटीनकडे, तर जांभळाखाली चला.
शेपूट जांभळाकडे, तर कँटीनपुढे चला.

लाल फक्त पहिली ओळ. तळाशी काळ्यात, बारीक: मेन गेट बंद राहील.

"हे काय, बालवाडीचं पुस्तक?"

"सायरन वाजला की आपण सगळे बालवाडीतच असतो, साहेब."

"आणि नाही चाललं तर?"

"तर माझाही गेटपास घ्या." बोलून बसले खरी, पण पेण येईपर्यंत बसमध्ये त्या तीन ओळी पुन्हा पुन्हा वाचून पाहिल्या.

नवा बोर्ड लागला. इन्स्पेक्टर यायच्या दिवशी सकाळी सराव घेतला. सगळे बिनचूक कँटीनपुढे जमले. साहेब खूश. इन्स्पेक्टर उशिरा आले, तेव्हा साहेबांनी त्यांना थेट कँटीनपुढेच खुर्ची दिली. माणसं तिथेच येणार ना. पण दुपारी आमच्याकडे खाडीवरून वारा येतो. मी वर पाहिलं तर शेपूट फिरलेलं.

सायरन वाजला. पॅकिंगच्या बायका पहिल्या बाहेर आल्या. वनिताने मान वर केली. मागच्या सगळ्यांनी वर केली. आणि अख्खी शिफ्ट वळली ती जांभळाकडे. साहेब हात हलवून "इकडे, इकडे" करत राहिले. वनिता चालता चालता लांबूनच ओरडली, "साहेब, तुमीबी चला. शेपूट तुमच्याकडं हाय."

इन्स्पेक्टरांनी वर पाहिलं, फाइल मिटली आणि ते जांभळाकडे निघाले. साहेबांनाही जावं लागलं. मला इतका आनंद झाला की जांभळाखाली उभी राहून मी एकटीच हसत होते.

रिपोर्टवर शेरा पडला, 'समाधानकारक'. सरकारी भाषेत याहून मोठं कौतुक नसतं. प्लांटमधले बाकीचे बोर्डही साहेबांनी माझ्याच गळ्यात मारले. संध्याकाळी वनिता गेटपास पंच करताना म्हणाली, "उद्या फर्स्ट शिफ्टला हाय मी, म्याडम."

तेव्हापासून बोर्ड लिहिताना मी एवढंच पाळते. माणसांनी जिथे जायला नको, त्या जागेला वाक्यात शेवटच्या बाकावर बसवायचं. पहिला पाट आणि लाल रंग तिला दिलात, तर लोक पाहुणचाराला तिथेच जाणार.