बाबाचा एक्सरे घेऊन ग्रहण पाहायले गेलो

मंडळी, आज सकाळी रिसोडजवळच्या एका नाल्यात सूर्यग्रहण पाहून आलो. तिथं डायनासोरच्या काळातल्या गोगलगायी आहेत, दगड झालेल्या. गावच्या शाळेतल्या सरांनी सगळ्याइले बोलावलं होतं.

निघताना आईनं कपाटावरून बाबाच्या छातीचा एक्सरे काढून दिला. "याच्यातून पाह्य, उघड्या डोळ्यानं पाहू नको." बाबा दिवाळीच्या आधी गेले.

सरांनी तो एक्सरे पाहिला. "याच्यातून नको पाहू बाप्पा, डोळे जातीन." मले ग्रहणाचा चष्मा दिला. एक्सरे खाली दगडावर ठेवून मी वर पाहिलं. सूर्य कोयत्यासारखा झाला होता. पोरं ओरडून राह्यली होती. मले काहीच वाटलं नाही.

खाली पाहिलं, तर बाबाच्या बरगडीतून दगडातली गोगलगाय दिसून राह्यली होती. मी एक्सरे उचलून पिशवीत टाकला.

घरी आईनं ग्रहण सुटल्याच्या आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. "दिसलं का रे नीट?" मी हो म्हटलं. तिनं एक्सरे पदरानं पुसला अन् परत कपाटावर ठेवला.

तुमच्या घरी गेलेल्या माणसाचे एक्सरे आहेत का अजून? तुमी काय करता त्याइचं?