आंब्यांपायी पाच मतं

बायकोला यातलं अर्धंच माहीत आहे. नेनेकाकांनाही तेवढंच माहीत होतं, पण ते आता नाहीत. पूर्ण गोष्ट ऐकणारे तुम्ही पहिलेच. तेव्हा जरा ऐसपैस बसा, कारण मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो — नागपूरचा आहे, बोलायला आवडतं.

आमच्या मराठी मंडळात मतदानावर तावातावाने बोलणारा माणूस कोण, असं विचाराल तर लोक माझ्याकडे बोट दाखवतील. गणपतीत प्रसादाच्या टेबलाशेजारी माझं टेबल असतं. “आपले लोक मत द्यायलाच जात नाहीत!” हे मी इतक्या वेळा म्हटलंय की मोदकापेक्षा मीच जास्त वाटला गेलोय. आणि मी? — सांगतो.

इकडे खऱ्या निवडणुकीआधी पक्षाच्या आत एक निवडणूक होते. उमेदवार कोण, ते पक्षाचे सभासद मत देऊन ठरवतात. एरवी फारसं कुणी फिरकत नाही तिथे. त्या वर्षी इथे टोरांटोच्या एटोबिको भागात आमच्या सुनीताताई उभ्या होत्या. आम्ही कॅनडात उतरलो तेव्हा विमानतळावर घ्यायला आलेल्या, बेसमेंट शोधून देणाऱ्या, विंटर टायर म्हणजे काय हे शिकवणाऱ्या ताई. दोन हिवाळे त्या बर्फातून दारोदार फिरल्या होत्या. त्यांना ते तिकीट मनापासून हवं होतं.

माझ्यावर काम एकच. आमच्या बिल्डिंगमधले नेनेकाका, काकू आणि काकूंची बहीण यांना व्हॅनमधून मतदानाला न्यायचं. मी आणि बायको धरून पाच मतं.

मे महिन्यातला रविवार होता. शाळेच्या जिमबाहेरची रांग पार्किंगला वळसा घालून रस्त्यावर आलेली. रांगेत आमच्या मंडळातला कुलकर्णी दिसला — कडेवर पोरगी घेऊन उभा. त्याने हात केला, मीही केला. तेवढ्यात काकू म्हणाल्या, पलीकडच्या ग्रोसरीत आज हापूस आलाय. मग काय!

“लाइन मूव्हच होत नाहीये,” काका म्हणाले. “आधी आंबे बघू, मग येऊ की.”

आंब्यांनाही रांग होतीच. तिथे मात्र आम्ही तासभर निमूट उभे राहिलो! मग पार्किंगमध्येच एक पेटी फोडली. काकांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या, रस कोपरापर्यंत आला. इतकं हसलो आम्ही त्या दिवशी — खोटं कशाला सांगू, मजा आली. कुणीतरी घड्याळ पाहिलं. “आपल्या पाच मतांनी काय होतंय?” हे वाक्य कुणाचं होतं? माझं.

ताई चार मतांनी पडल्या.

पुढच्या शनिवारी त्यांच्या घरी मंडळी जमली. मी सांत्वनाला काय नेलं असेल? आंब्याची पेटी. ताईंनी विचारलं, “पार्किंग मिळालं का रे त्या दिवशी?”

“कसलं पार्किंग! तासभर उभे होतो लाइनमध्ये,” मी म्हणालो. तसं पाहिलं तर तासभर उभा होतोच की!

पण हेही ते नव्हे. खरं आता येतं. कुणीतरी म्हणालं, आपल्यातलेच कोण आले नाहीत? सगळे एकमेकांकडे बघू लागले. आणि माझ्या तोंडून निघालं — “कुलकर्णी दिसला नाही बुवा मला.” कुलकर्णी त्या शनिवारी ताईंकडे आलेला नव्हता. ताई उठल्या. आत गेल्या, आंबे चिरून आणले, कोय माझ्या हातात दिली.

तेव्हापासून कुलकर्णी दिसला की कुणीतरी विचारायचं, “काय, मत सापडलं का?” तो म्हणायचा, अरे गेलो होतो मी! लोक आणखी हसायचे. मीही हसायचो. पुढे नोकरीसाठी तो पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला गेला, तेव्हा मला चक्क हायसं वाटलं.

काही वर्षांनी अशाच एका निवडणुकीत मी स्वयंसेवक होतो — मतदानजागृतीवाला ना मी! काम सोपं. आलेल्याचं नाव यादीत शोधायचं, पट्टी धरून त्यावर रेघ मारायची. संध्याकाळी त्या यादीची प्रत प्रत्येक उमेदवाराला मिळते. कुणाला मत दिलं ते गुप्त. कोण आलं, ते नाही.

माझा पेन थांबला.

म्हणजे त्या शनिवारी ताईंकडे यादी होती. आमच्या पाच नावांवर रेघ नाही, कुलकर्ण्याच्या नावावर आहे, हे पाहून मग त्यांनी मला पार्किंगचं विचारलं होतं.

अजूनही दर मे महिन्यात मी त्यांच्याकडे पेटी घेऊन जातो. त्या प्रेमाने घेतात, चिरतात, कोय मला देतात. माझं गणपतीतलं टेबलही चालू आहे.

कुलकर्णी रांगेत होता. पोरीला कडेवर घेऊन उभा होता. मी त्याला पाहिलं होतं.