रिकामं पेव आणि विझलेली काडी

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवते... अंगात आलेल्या बाईला आधी लिंबू-सरबत पाजावं, अशा मताची. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखंच होतंय.

ढोकीजवळ आमचं गाव. मार्चमधली शनिवारची दुपार, सकाळची शाळा करून आले होते. सासरे, म्हणजे आबा, बाजाराला गेलेले. घरात मी एकटी आणि वाचनालयातली थ्रिलर. लेखक असा चिवट, की गंजलेली कडी, भिंतीची ओल, काही म्हणजे काही सोडत नाही. इन्स्पेक्टर बंद बंगल्याच्या तळघरात उतरत होता. त्यानं काडी ओढून खाली धरली... विझली. दुसरी ओढली, तीही विझली. आणि माझ्या नाकात आंबलेल्या ज्वारीचा वास भरला — शहरातल्या बंगल्यात ज्वारी? पुस्तक टाकलं आणि अनवाणी परसात पळाले. का, ते विचारू नका.

परसात आमचं जुनं पेव आहे, धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. आबा कधी परतले कुणास ठाऊक. कडुलिंबाला दोर बांधून, एक पाय पेवात सोडून बसले होते.

"आबा, उतरू नका. आधी कंदील सोडा."

"भरल्या पेवाला कंदील सोडत्यात, पोरी. हे रिकामं हाय. झाडून घेतो, यंदाची ज्वारी भरू."

लग्नाला अकरा वर्षं झाली, आबांसमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी सरळ दंड धरला. "न्हाय म्हणजे न्हाय."

चिडून त्यांनी कंदील सोडला. पुरुषभर खाली गेला आणि विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. तळाशी राहिलेलं धान्य कुजून आतली हवा विषारी झाली होती; जिथं ज्योत टिकत नाही, तिथं माणूसही टिकत नाही. आबा मागं सरकून लिंबाला टेकले.

घरात येऊन मी ते पान पुन्हा काढलं. इन्स्पेक्टरच्या हातात टॉर्च होती. काडी नाही, विझणं नाही... मागची-पुढची पानं तीन-तीनदा बघितली.

नवरा म्हणतो, आबा आल्याची चाहूल लागली असेल, बाकीचं मनानं जोडलं. असेल. पण मला काहीच ऐकू आलं नव्हतं. खरं काय ते आजही माहीत नाही. ज्यानं कुणी ती काडी विझवली, त्याचे उपकार मात्र जन्मभर विसरणार नाही.

संध्याकाळी आबांना सगळं सांगितलं. हसतील वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग त्यो मानूस वर आला का?"

"पुढं वाचलंच नाही, आबा."

"वाच की मग. म्या बसतो ऐकत. त्याला तिथंच ठिवू नको."